बडोद्याहून नाशिकच्या वाइन आणि खाद्यमहोत्सवाला प्रथमच जाताना

बडोद्याच्या मराठी कुटुंबांना नाशिक परके नाही. वणीच्या सप्तशृंगीचे दर्शन, त्र्यंबकेश्वरचा एखादा विधी, नात्यातले लग्न अशा निमित्तांनी तिकडे जाणेयेणे चालूच असते. अलीकडे या निमित्तांत द्राक्षबागांमधल्या वाइन आणि खाद्यमहोत्सवांची भर पडली आहे, आणि दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेली तरुण मंडळी पुण्यामुंबईच्या आतेमामे भावंडांबरोबर तेथे जाण्याचे बेत आखू लागली आहेत. पुण्याच्या माणसाला आवडलेली बाटली गाडीत ठेवून घरी नेता येते आणि तिची खरी चव सावकाश, घरच्या जेवणाबरोबर घेता येते. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे बडोदेकराला ती सोय नाही. जे चाखायचे आणि समजून घ्यायचे ते तेथेच, मुक्कामाच्या वेळात. आणि परतताना गाडीत बाटली नको, तसेच अंगात अंमलही नको. पुढील सर्व सूचना या मर्यादेला धरून केल्या आहेत.

कोणत्या दिवसांत जावे

नाशिकचा वाइन हंगाम जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतो, आणि त्याचे कारण द्राक्षाच्या वेलीत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडली जातात. आपल्याकडच्या हवेत वेल तसा झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ज्यातून पुढच्या पिकाच्या काड्या तयार होतात; पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी होते आणि तिच्यावर फळ येते. थंडीच्या कोरड्या दिवसांत घड पिकतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारवा मिळतो, आणि त्या गारव्यामुळे फळातला आंबटपणा टिकून राहतो. वाइनला तो आंबटपणा साखरेइतकाच आवश्यक असतो.

म्हणून तोडणी, द्राक्षे तुडवण्याचा खेळ आणि संगीताचे कार्यक्रम हे सारे याच काळात येते. नाशिकमधला सर्वांत परिचित महोत्सव म्हणजे गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला वाइनरीचा सुलाफेस्ट. तो 2008 मध्ये सुरू झाला, 2020 नंतर काही वर्षे बंद राहिला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा भरला. त्याचे स्वरूप मोठ्या संगीत महोत्सवाचे आहे, त्यामुळे ज्यांना शांतपणे वाइन समजून घ्यायची आहे त्यांना गर्दी आणि आवाज यांचा त्रास होऊ शकतो. अशांनी हंगामातलाच एखादा साधा आठवडा निवडून, मधल्या वारी दोन वाइनरींना भेट द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांनी महोत्सवाच्या आदल्या दिवशी पोहोचावे, वाइनरी त्या दिवशी पाहावी आणि दुसरा दिवस गाण्याला व खाण्याला द्यावा.

तारीख ठरवण्यापूर्वी महाराष्ट्रातील मद्यविक्री बंद असण्याचे दिवस पाहून घ्यावेत. प्रजासत्ताक दिनाला, म्हणजे 26 जानेवारीला, विक्री बंद असते. जोडून सुट्टी आली म्हणून गेले आणि नुसता द्राक्षाचा रस पिऊन आले, असे या तारखेला सहज घडू शकते. त्या भागात निवडणूक असेल तर मतदान संपण्यापूर्वीचे 48 तासही विक्री बंद राहते.

तिकिटाआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. दोन्ही राज्यांच्या मद्यविषयक कायद्याचे मूळ एकच, म्हणजे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. बडोदे संस्थान त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले. 1960 मध्ये दोन राज्ये झाली तेव्हा हा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने परवान्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्रातही मद्य पिण्यासाठी परवाना ही कल्पना कागदोपत्री अजून जिवंत आहे, आणि एक दिवसाचा परवाना विक्रीच्या ठिकाणी नाममात्र शुल्कात मिळतो. प्रवेशद्वाराशी कोणी असा कागद पुढे केला तर गोंधळून जाऊ नये. वाइनसाठी महाराष्ट्रातील वयोमर्यादा 21 वर्षांची आहे, आणि चेहऱ्यावर वय दिसत असले तरी आधारकार्ड किंवा वाहन परवाना जवळ ठेवावा.

गुजरातच्या बाजूचा कायदा मात्र कडक आहे. मद्याची खरेदी, विक्री आणि वाहतूक यांसाठी 2017 च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वाहतुकीच्या अर्थात आपल्या गाडीच्या डिकीतली बाटलीही येते. भेट म्हणून मिळालेली, सील न तोडलेली, महाराष्ट्रातल्या पावतीसह आणलेली, अशी कोणतीही सबब पुढे करण्याची वेळ स्वतःवर आणू नये. काही जणांजवळ गुजरातचा आरोग्य परवाना, म्हणजे प्रकृतीच्या कारणावरून मद्य घेण्याची परवानगी, असते. ती म्हणजे बाहेरच्या राज्यातून बाटल्या आणण्याची मोकळीक नव्हे. डिसेंबर 2023 पासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात मद्यपानाची जी सवलत दिली गेली ती त्या हद्दीपुरती आहे, बडोद्याशी तिचा संबंध नाही.

बाटलीइतकाच पोटातल्या मद्याचाही प्रश्न असतो. मद्य पिऊन गुजरातमध्ये शिरणाऱ्यांची तपासणी सीमेवरच्या नाक्यांवर होत असते, विशेषतः सणासुदीच्या आणि वर्षअखेरीच्या दिवसांत. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळले, तर आपण गुन्हा केलेला नाही हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मी तर नाशिकला प्यायलो होतो, हे उत्तर तेथे पुरेसे ठरेल असे गृहीत धरू नये. गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा याहूनही कमी आहे. ती 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के, इतकी असून संपूर्ण देशाला लागू आहे. पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

तिकीट, मुक्काम आणि वाट

तिकीट काढताना त्यात नेमके काय समाविष्ट आहे हे वाचावे. बहुतेक ठिकाणी प्रवेशाचे पैसे वेगळे आणि वाइन व खाण्याचे वेगळे असतात. काही ठिकाणी मनगटावर पट्टा बांधतात आणि त्यात किंवा एखाद्या कार्डात पैसे भरून ठेवावे लागतात. उरलेले पैसे परत मिळतात का, आणि मिळत असतील तर किती वाजेपर्यंत, हे पहिल्याच खिडकीवर विचारावे. शेवटच्या अर्ध्या तासात त्या खिडकीसमोर लागणारी रांग माणसाचा सगळा उत्साह घालवते. मुले बरोबर असतील तर वयाची अट आधी पाहावी. प्रत्येक महोत्सव मुलांना आत घेतोच असे नाही.

रात्रीचा मुक्काम हा या बेतातला सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे आणि तेथे काटकसर करू नये. एकाच दिवसात जाऊन येण्याचा विचार बडोद्याहून अंतरामुळेच बाद होतो. मुक्काम निवडताना नाशिक रोड स्थानक आणि गंगापूर रस्ता ही शहराची दोन टोके आहेत हे लक्षात ठेवावे. स्थानकाजवळ स्वस्त खोली घेऊन रात्री अकरा वाजता द्राक्षबागेतून रिक्षा शोधत बसण्यापेक्षा गंगापूर रस्त्यावर किंवा कॉलेज रोडच्या बाजूला खोली घेणे शहाणपणाचे. महोत्सवाच्या दिवसांत दर वाढतात, म्हणून तिकिटाबरोबरच खोलीही राखून ठेवावी, आणि परतीच्या रात्रीसाठी टॅक्सी दिवसाउजेडीच ठरवावी.

गाडीने जाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट सुरतेवरून चिखली, वांसदा, वघई, सापुतारा आणि तेथून वणी-दिंडोरीमार्गे नाशिक अशी आहे. दुसरी पारडीपर्यंत महामार्गाने जाऊन कपराडा आणि पेठ यांवरून चढते. दोन्ही पावणेचारशे ते चारशे किलोमीटरच्या आसपास भरतात आणि थांबे धरून सात ते आठ तास घेतात. दोन्हींत घाट आहेत, त्यामुळे अंधारात चढण्यापेक्षा पहाटे निघावे. मी सापुताऱ्याची वाट निवडीन, कारण वणीनंतर दिंडोरीचा पट्टा लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा दिसू लागतात. कोणत्या बागेत खाण्याची द्राक्षे आहेत आणि कोणत्या बागेत वाइनची, हा खेळ तेथूनच सुरू करता येतो. रेल्वेने जायचे झाल्यास मुंबईला येऊन दादर किंवा कल्याणहून नाशिकची गाडी धरावी लागते. रात्रीच्या खासगी बसचा पर्याय आहे, पण बसमध्ये झोप न झालेल्या माणसाने दुपारच्या उन्हात वाइन चाखणे योग्य नव्हे.

गटात एक तरी व्यक्ती न पिणारी असावी, आणि ती कोण हे बडोदे सोडण्यापूर्वी ठरलेले असावे. नेहमी सर्वांत धाकट्यावर ही जबाबदारी ढकलली जाते, तो अन्याय आहे. भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर परवडत असेल तर प्रश्न मिटतो.

सोबत काय न्यावे

फेब्रुवारीतले नाशिक दुपारी तापते आणि सूर्य मावळला की झपाट्याने गार होते, त्यामुळे सुती कपडे, टोपी आणि संध्याकाळसाठी स्वेटर किंवा शाल असे दोन्ही हवे. बागेतली जमीन ओबडधोबड असते. सपाट तळव्याचे जुने बूट घालावेत. द्राक्षे तुडवण्याच्या पिंपात उतरायचे असेल तर पांढरे कपडे टाळावेत, कारण काळ्या द्राक्षाच्या सालीचा डाग सहजी जात नाही. त्या दिवशी अत्तर लावू नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते: वाइनची निम्मी चव वासात असते आणि शेजारच्या माणसाचे अत्तरही ती बिघडवते. तंबाखू आणि पान यांबद्दलही हेच. एक लहान वही आणि पेन घ्यावे. त्यांचा उपयोग पुढे येईल.

चाखण्याचा क्रम

महोत्सवात शिरल्यावर पहिल्याच स्टॉलवर पूर्ण ग्लास मागवू नये. आधी पोटभर नाही तरी बऱ्यापैकी खाऊन घ्यावे, पाण्याची बाटली हातात ठेवावी आणि सर्व स्टॉल एकदा नुसते पाहून यावेत. मग जेथे थोडी थोडी वाइन चाखायला देतात, तेथून सुरुवात करावी. चाखण्याचे एक माप साधारण 25 ते 30 मिलिलिटरचे असते, पूर्ण ग्लास 150 मिलिलिटरचा आणि बाटली 750 मिलिलिटरची. म्हणजे पाच चवी मिळून एक ग्लास होतो. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण 12 ते 14 टक्के असते, त्यामुळे एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल 15 ग्रॅमच्या आसपास जाते. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकाली काढते, त्यामुळे एका ग्लासाला ढोबळमानाने दोन तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. हा हिशोब परतीच्या वेळेसाठी पुन्हा लागेल.

क्रम हलक्याकडून भारीकडे असावा. प्रथम फेसाळ वाइन, नंतर पांढरी, मग गुलाबी, त्यानंतर लाल आणि शेवटी गोड. उलटे केल्यास लाल वाइनच्या तुरटपणामुळे जीभ जड होते आणि नंतरची पांढरी पाण्यासारखी लागते. एका दुपारी सहा ते आठ प्रकार नवख्याला पुष्कळ झाले. त्यापुढे सगळे सारखेच छान लागू लागते, आणि तशा चवीवरून घेतलेला निर्णय कामाचा नसतो.

ग्लास नेहमी दांड्याला धरावा, पोटाला नव्हे. हाताच्या उबेने पांढरी वाइन लवकर कोमट होते. फेसाळ वाइन 6 ते 8 अंश, पांढरी 8 ते 12 आणि लाल 15 ते 18 अंश तापमानाला चांगली लागते. लाल वाइन सामान्य तापमानाला प्यावी असे ऐकलेले असते, पण ते सामान्य तापमान थंड देशातल्या खोलीचे आहे. नाशिकच्या दुपारी उन्हात ठेवलेली लाल वाइन मिळाली तर ती थोडी गार करून मागण्यात काहीही कमीपणा नाही.

चाखताना आधी रंग पाहावा, मग ग्लास हलकेच फिरवून नाक आत नेऊन वास घ्यावा, आणि नंतर छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरू द्यावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालाची आतली बाजू आवळल्यासारखी वाटली, कच्चे जांभूळ खाल्ल्यावर वाटते तशी, तर तो टॅनिनचा तुरटपणा, जो मुख्यतः साली आणि बियांतून येतो. घशात ऊब वाटली तर ते अल्कोहोल. या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की पहिल्या भेटीत पुरेसे साधले. वासाला पेरू, लिंबू, मिरी, गवत, भिजलेली माती असे आपल्या अनुभवातले जे नाव सुचेल ते द्यावे. शेजारचा कोणी परदेशी फळांची यादी म्हणत असेल तर त्याच्यापुढे दबून जाण्याचे कारण नाही. त्यातली अर्धी फळे त्यानेही खाल्लेली नसतात.

घोट चाखून थुंकणे हा या क्षेत्रातला शिष्टाचारच आहे. त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते. दिसले नाही तर मागावे. ग्लासात उरलेली वाइनही त्यातच ओतायची. आपल्याकडे ताटात टाकणे वाईट मानतात आणि तो संस्कार येथे आड येतो, पण बडोद्याला परत जायचे असलेल्या माणसाने तो या एका ठिकाणी बाजूला ठेवावा. गर्भवती स्त्रिया, तसेच मधुमेहाची, झोपेची किंवा काही प्रतिजैविक औषधे घेणारे यांनी चाखण्याचा मोह टाळावा.

नावे कोणती ऐकू येतील? पांढऱ्यांत शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन द्राक्षांनी नाशिकच्या वाइनची सुरुवातीची ओळख घडवली. सुलाने 2000 मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन याच दोन प्रकारांच्या होत्या. लालमध्ये शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों सर्वत्र दिसतात. नवख्याने शेनिनपासून सुरुवात करावी. तिच्यात बहुधा थोडी गोडी ठेवलेली असते आणि ती कोणाला खटकत नाही. बाटलीला बुचाऐवजी फिरकीचे झाकण असेल तर वाइन हलकी समजू नये. गरम हवेत ते झाकण अधिक विश्वासाचे ठरते.

खाण्याशी जोड

महोत्सवाच्या नावात खाद्य असले तरी बरेच जण पिझ्झा आणि बटाट्याच्या काचऱ्यांवर वेळ मारून नेतात, याची मला नेहमी खंत वाटते. वाइन समजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक घोट, एक घास आणि पुन्हा एक घोट. दुसऱ्या घोटाची चव पहिल्यापेक्षा बदललेली असते, आणि का बदलली याचे उत्तर ताटात असते.

तळलेले आणि खारे पदार्थ फेसाळ वाइनबरोबर उत्तम जातात, कारण आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा तेलाचा थर धुऊन काढतात. साबुदाणा वडा, कांदाभजी, नाशिकचा चिवडा हे सगळे येथे बसते. सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा एक वास असतो, म्हणून कोथिंबीर वडी, हिरवी चटणी लावलेले पनीर, पुदिन्याचे पदार्थ तिच्याशी जुळतात. शिराझमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो त्याला कारणीभूत असलेले रोटुंडोन हे द्रव्य खुद्द मिरीतही असते. त्यामुळे काळ्या मसाल्याचे मटण किंवा भरली वांगी तिच्याबरोबर घ्यावीत.

तिखटाच्या बाबतीत बडोदेकरांची फसगत होण्याची शक्यता जास्त आहे. सेव-उसळीवर वाढलेली जीभ नाशिकच्या मिसळीलाही सहज सामोरी जाते, पण मिसळीबरोबर कडक, तुरट लाल वाइन घेतली तर दोन्ही बिघडतात. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवते आणि टॅनिन त्यात आणखी खरखर घालते. तिखटाला थोडी गोड, गार आणि कमी अल्कोहोलची वाइन हवी, म्हणजे पुन्हा शेनिन किंवा रिझलिंग. गोड पदार्थाचा नियम वेगळा: वाइन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे, नाहीतर ती आंबट आणि फिकी लागते. श्रीखंडाबरोबर वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या द्राक्षांची गोड वाइन घेऊन पाहावी. साधी लाल वाइन तेथे अगदी केविलवाणी होते.

शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न विचारावा. वाइन स्वच्छ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. काही ठिकाणी बेंटोनाइट ही माती वापरतात. पद्धत कोणती हे वाइनरीचा माणूस सांगू शकतो.

न पिणाऱ्यांसाठीही दिवस फुकट जात नाही. द्राक्षाचा ताजा रस, खाण्याचे स्टॉल, संगीत आणि बागेतून फिरणे यांत तास कसे जातात ते कळत नाही. फक्त त्यांच्या हातात कोणी आग्रहाने ग्लास देऊ नये, आणि देऊ लागल्यास बरोबरच्यांनीच तो थांबवावा.

वाइनरी आतून पाहणे

शक्य असेल तर मार्गदर्शकासह होणारी फेरी चुकवू नये, आणि ती सकाळी घ्यावी. हंगामात द्राक्षे तोडून आलेली असतात, त्यामुळे यंत्रे चालू दिसतात. तेथे दोन द्राक्षे मागून खावीत: एक थॉमसन, जे आपण खंडेराव मार्केटमधून घरी आणतो, आणि एक वाइनचे. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे आणि आश्चर्य वाटावे इतके गोड असते. काळ्या द्राक्षाचा गरही बहुधा पांढराच असतो हे चिरडून पाहावे. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती सालीसह आंबवतात आणि पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात. पोलादी टाक्यांना हात लावला तर त्या गार लागतात, कारण आंबताना उष्णता तयार होते आणि ती काढून घेतली नाही तर वास उडून जातो. महोत्सवातले पायाने तुडवणे हा गमतीचा खेळ आहे. वाइनरीत हे काम यंत्रे करतात.

हा सगळा उद्योग जुना नाही. महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 मध्ये जाहीर केले आणि करांत सवलती दिल्या, त्यानंतर नाशिकमध्ये वाइनरींची संख्या वाढली. त्याआधी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे या धंद्याचे नाव होते. आज नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे. फेरीत मार्गदर्शकाला छाटणीबद्दल, पाण्याबद्दल, शेतकऱ्यांशी होणाऱ्या करारांबद्दल विचारावे. किमतीपेक्षा अशा प्रश्नांची उत्तरे तो अधिक मनापासून देतो.

परतीचा दिवस

रात्री अकराला शेवटचा घोट घेतला आणि दिवसभरात चार ग्लास झाले असतील, तर वर सांगितलेल्या हिशोबाने सकाळ उजाडेपर्यंत अंगात अल्कोहोल राहू शकते. म्हणून पहाटे निघण्याचा बडोद्याचा नेहमीचा शिरस्ता या वेळी मोडावा. उशिरा उठावे, भरपेट नाश्ता करावा, पाणी प्यावे आणि दुपारच्या सुमारास निघावे. दोन दिवसांचा महोत्सव असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीही न पिता फक्त गाणी ऐकावीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघावे. वाटेत गाडीत बसून उरलेली बाटली संपवणे हा मार्ग तर कोणीच पत्करू नये. ते महाराष्ट्रातही चालत नाही आणि सापुताऱ्याचा घाट तसा माफ करणारा नाही.

निघण्यापूर्वी गाडीची डिकी, दारांचे कप्पे आणि प्रत्येकाची पिशवी एकदा तपासावी. गटातल्या कोणाची तरी अर्धी बाटली स्वेटरमध्ये गुंडाळलेली सापडते. ती मुंबई-पुण्याच्या भावंडांना द्यावी किंवा तेथेच सोडावी. वाइनरीच्या लेबलाची रिकामी बाटली शोभेसाठी आणण्याची हौसही टाळलेली बरी, कारण नाक्यावर ती उघडून हुंगण्याची वेळ येते आणि उगाच खोळंबा होतो. त्याऐवजी मनुके, चिवडा, द्राक्षांची पेटी, वाइनचे ग्लास किंवा बूच काढण्याचे उपकरण आणता येते. द्राक्षे घेताना देठ हिरवे आहेत का ते पाहावे, पेटी डिकीत न ठेवता मागच्या आसनावर सावलीत ठेवावी आणि घरी पोहोचल्यावर न धुता शीतकपाटात ठेवून लागतील तशी धुऊन खावीत.

वहीत प्रत्येक वाइनसमोर द्राक्षाचे नाव, वाइनरी, वर्ष आणि बरोबर काय खाल्ले हे चार शब्दांत लिहिलेले असेल तर ती वही पुढच्या वेळी उपयोगी पडते. पुण्याला भावाकडे जाताना त्यातली दोन नावे त्याला आधीच कळवावीत, म्हणजे दुकानातल्या मांडणीसमोर उभे राहून किमतीवरून अंदाज बांधण्याची वेळ येत नाही, आणि मटण की भरली वांगी हेही वहिनींना आदल्या दिवशी ठरवता येते.